खोबरं घरी, आधार खिशात: पहिल्यांदा विमानानं निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

तिकीट काढायला बसायच्या आधी आधार कार्ड हातात घ्या. पाठ आहे म्हणून नको, खरंच हातात घ्या, कारण गल्लीतल्या, भावकीतल्या, बायकोच्या माहेरच्या अशा जेवढ्या लोकांची विमानाची तिकिटं मी आजवर काढून दिली त्यातल्या निम्म्या भानगडी नावाच्याच झाल्यात. मी काय ट्रॅव्हल एजंट नव्हे ओ, एकदा हैदराबादला जाऊन आलो आणि तेव्हापासनं "ह्याला विमानातलं कळतंय" असा शिक्का बसला, आता कुणाच्या घरातलं कोण पहिल्यांदा निघालं की फोन आपल्याला. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून काढतोय.

नाव

आमच्या मामांना अख्खी पेठ बापू म्हणते. पोरानं तिकीट काढलं तेही बापू आणि पुढं आडनाव. आधारवर नाव तिसरंच. निघायच्या आदल्या रात्री माझ्याकडं आले, "एवढं काय बघत्यात व्हय" म्हणून. बघत्यात. दारावरच जवान तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही समोर धरून बघतो, आणि बापूंना गल्लीत कितीही मान असला तरी तिथं चालत नाही.

तर आधारवर जे स्पेलिंग आहे तेच टाका. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन मजली असतं आणि वेबसाईटवर रकाने दोनच, त्यामुळं लोक गोंधळतात. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव, दुसऱ्यात आडनाव, मधलं नाव सोडलं तरी सहसा अडत नाही. सौ., श्री., राव, ताई असलं काही जोडू नका. लग्न झालेल्या पोरींचं आधार अजून माहेरच्या नावावर असतं आणि नवरा हौसेनं सासरच्या नावानं तिकीट काढतो, हे तर दर लग्नसराईत एकदा होतंच. चूक झालीच तर कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून काढलेल्या तिकिटाचं नाव 24 तासांच्या आत सांगितलं की फुकट दुरुस्त करून मिळतं, त्यानंतर मात्र फोन करत बसा. म्हणून तिकीट आलं की त्याच दिवशी एकदा मोठ्यानं वाचायचं.

आधार नसलं तर मतदान कार्ड, लायसन्स, पासपोर्ट यातलं एक चालतं. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर ते मांडीवर बसतं, वेगळी सीट लागत नाही, पण त्याचं नाव तिकिटात घालावंच लागतं आणि वयाचा दाखला सोबत लागतो. जन्माचा दाखला झेरॉक्ससह घ्या.

कुठनं जायचं

आपला विमानतळ उजळाईवाडीला, शहरातनं नऊ-दहा किलोमीटर, शाहू टोलनाक्याकडनं गेलं की आलंच. जुना आहे बरं का, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात 1939 साली सुरू झालेला. मधी कित्येक वर्षं नुसती धावपट्टी आणि गवत, मग लहान शहरं विमानानं जोडायची केंद्राची उडान योजना आली आणि तिच्या जोरावर 2018 पासनं इथनं पुन्हा विमानं उडायला लागली. नवीन टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं, दगडी कमानी आहेत, वाड्यात शिरल्यासारखं वाटतं, पाहुणे आले की आधी फोटो काढतात.

लोक विचारतात की गेल्या वर्षी होतं ते विमान आता का नाही. त्याचं कारण बऱ्याचदा उडान योजनेतच असतं. ह्या योजनेत ठरलेल्या सीटांना भाड्याची मर्यादा असते आणि विमान कंपनीचा तोटा भरून निघावा म्हणून तीन वर्षं सरकार पैसे देतं, ते संपले आणि गिऱ्हाईक कमी असलं की कंपनी विमान दुसरीकडं वळवते. शिवाय मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी देशभरात वेळापत्रक बदलतं. त्यामुळं हैदराबाद, बंगळुरू, मुंबई, तिरुपती ही नावं येतात-जातात, कुठलं रोज, कुठलं आठवड्यातनं काही दिवसच. मेव्हण्यानं सांगितलेला टाईम धरून चालू नका, साईटवर कोल्हापूर म्हणजे केएलएच टाकून तुमची तारीख स्वतः बघा.

इथनं नसेल किंवा महाग असेल तर बेळगाव, म्हणजे सांबरा, हायवेनं दोन-अडीच तास. पुण्याचं लोहगाव पाच तास धरा, हायवेचं काम चालू असलं तर सहा, आणि स्वारगेटला उतरून लोहगावला पोचेपर्यंत पुणं जो वेळ खातं तो वेगळाच. गोव्यात दोन विमानतळ आहेत हे लक्षात ठेवा, दाभोळी जुना आणि मोपा जानेवारी 2023 ला सुरू झालेला नवा. आपल्याला आंबोलीमार्गे मोपा जवळ पडतो. तिकिटावर दाभोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. दोघांच्या मधी तास-दीड तासाचं अंतर आहे, चुकून दुसऱ्याच ठिकाणी जाऊन उभे राहिलात तर विमान गेलं समजा.

हीच गोष्ट आता मुंबईची झालीय. जुना बीओएम आणि 2025 साली उद्घाटन झालेला नवी मुंबईचा एनएमआय. बसनं एक्सप्रेसवेवरनं जाणाऱ्याला नवी मुंबईचा आधीच लागतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाणाऱ्याला जुना सोपा, कारण सीएसएमटीला सकाळी उतरलं की तिथनंच मेट्रो 3 मिळते आणि टी1, टी2 म्हणजे तिथल्या दोन्ही टर्मिनलला थेट स्टेशन आहे. आधी आम्ही बॅगा डोक्यावर घेऊन लोकलनं अंधेरीला जायचो, ते आठवलं तरी घाम फुटतो. दिल्लीचं स्वस्त तिकीट दिसलं तर ते हिंडनचं तर नाही ना बघा, ते गाझियाबादला आहे.

वेब चेक-इन

म्हणजे विमानतळावर जायच्या आधीच मोबाईलवरनं बोर्डिंग पास, म्हणजे विमानात चढायचा पास, काढून ठेवायचा. आदल्या दिवशी करायचं. मोबाईलवर पीएनआर आणि आडनाव टाकलं की होतं, बोर्डिंग पास व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर येतो. सीट निवडा म्हणून स्क्रीन येते आणि प्रत्येक सीटवर दोनशे, चारशे असे आकडे दिसतात, तिथं घाबरून पैसे भरायची गरज नाही. कुठंतरी फुकटची सीट असते, नाहीतर सीट न निवडता पुढं जायचं बटण बारीक अक्षरात ठेवलेलं असतं. नवरा-बायको वेगळे बसले एक तास तर काय बिघडत नाही, उलट शांतता. कुणाला मोबाईलवर जमतच नसेल तर काउंटरवर बोर्डिंग पास मिळतो, त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं 2022 सालीच कंपन्यांना बजावलंय.

आईवडील वयस्कर असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. लाज कसली. मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत एक-एक किलोमीटर चालायला लागतं, आपल्या गंगावेशीतनं बिंदू चौकापर्यंत जावं तसं.

बॅग भरणं (हे नीट वाचा)

साधारण हिशोब असा, हातातली एक बॅग 7 किलो आणि खाली टाकायची म्हणजे चेक-इनची 15 किलो. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा, काही स्वस्त तिकिटांत चेक-इन बॅग धरलेलीच नसते. 15 किलो ऐकायला लई वाटतं, पण कोल्हापूरचा माणूस मोकळ्या हातानं कुठं जातो? पोरगी बंगळुरूला असली की गूळ, चटणी, काकवी, तांदूळ, शिवाय शेजारणीनं तिच्या पोरीसाठी दिलेली पिशवी. गुळाचा 5 किलोचा रवा, म्हणजे ढेप, घातला की उरले 10. घरीच वजन करा. वजनकाटा नसला तर वाणसामानाच्या दुकानात जाऊन बॅग काट्यावर ठेवा, आमचा दुकानदार हसतो पण करून देतो. जास्त भरलं तर काउंटरवर किलोमागं जे पैसे घेतात त्यात गूळ सोन्याच्या भावानं पडतो.

आता काय कुठं ठेवायचं.

पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, खाली टाकायच्या बॅगेत अजिबात नाही. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर वर माणसं असतात, विझवता येते, खाली सामानाच्या कप्प्यात कुणी बघायला नसतं, एवढं साधं कारण आहे. ह्याच्यामुळं चेक-इन झाल्यावर नाव पुकारून बोलावतात आणि सगळ्यांसमोर बॅग उघडायला लागते. चाकू, कात्री, आडकित्ता, विळी खालच्या बॅगेत. आजीच्या पानाच्या चंचीत आडकित्ता हमखास असतो, निघताना चंची तपासा. काडीपेटी आणि लायटर दोन्हीकडं नको, घरीच ठेवा.

चटणी, म्हणजे आपली लाल तिखटाची, आणि कांदा-लसूण मसाला खालच्या बॅगेत, दोन-तीन पिशव्यांत बांधून. हातात नेली तर काढून घेतील, कारण तिखट म्हणजे डोळ्यात फेकायची वस्तू. लोणचंपण खालीच. तांबडा रस्सा डब्यातनं न्यायचा हट्ट करू नका, मी करून बघितलाय, साड्यांचा रंग बदलला.

आणि खोबरं. सुक्या खोबऱ्याची वाटी न हातात चालते, न खाली. हे ऐकून सगळे म्हणतात काय सांगतोस, पण खरंय. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून विमानाच्या नियमात ते धोक्याच्या मालात मोडतं. आमची मावशी जोतिबाच्या डोंगरावर जाऊन नातवाच्या नावानं गुलाल-खोबरं उधळून आली, त्यातल्या चार वाट्या प्रसाद म्हणून बॅगेत घातल्या आणि तपासणीत बॅग बाजूला. जवान पोरगा बिचारा हिंदीत समजावतोय, मावशी त्याला मराठीत देवाचं आहे म्हणून सांगतीय, मागं ही लाईन. शेवटी मावशीनं एक वाटी तिथंच फोडली, त्याला दिली, मला दिली, मागच्या बाईला दिली, आणि उरलेल्या मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याकडं दिल्या. गुलाल अंगावर होता तो तेवढा गेला विमानातनं. अख्ख्या नारळाचंही तसंच, हातातल्या बॅगेत चालत नाही, शबरीमलाच्या यात्रेकरूंना 2024 च्या ऑक्टोबरात काही महिन्यांपुरती खास सूट द्यावी लागली होती त्यावरनं ओळखा. प्रसाद न्यायचा तर लाडू न्या.

गुळाचं एक सांगायचं राहिलं. गूळ चालतो, पण हातातल्या बॅगेत नको. माझ्या बॅगेत एक किलोचा रवा होता, मशिनवर काळाकुट्ट चौकोन दिसला असेल, बाजूला घेतलं, कागद सोडला, जवानानं अंगठ्यानं दाबून बघितलं, वास घेतला, मग साहेबाला बोलावलं, त्यानंपण दाबलं. दहा मिनिटं गेली आणि रव्यावर दोन अंगठे उमटले. पोरीनं त्याचा तसाच वरनं फोटो काढून मैत्रिणींना दाखवला.

विमानतळावर

कोल्हापूरला दोन तास आधी पोचा, मोठ्या शहरात अडीच-तीन. बॅग टाकायचा काउंटर साधारण विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो आणि गेट 25 मिनिटं आधी. एसटीसारखं स्टँडच्या बाहेर हात दाखवून थांबत नाही. उजळाईवाडीला रिक्षा मिळते पण पहाटेची फ्लाईट असेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवा.

दारावर तिकीट आणि ओळखपत्र. मोठ्या विमानतळांवर आता डिजियात्रा म्हणून अ‍ॅप आहे, चेहरा दाखवला की दार उघडतं, डिसेंबर 2022 ला दिल्ली, बंगळुरू, वाराणसीपासनं सुरू झालं. घेतलं तर वेळ वाचतो, नाही घेतलं तर साधी लाईन असतेच, कुणी सक्ती केली तर ऐकू नका.

आत गेलं की आपल्या कंपनीचा काउंटर, बॅग पट्ट्यावर, ते बॅगेला टॅग लावतात आणि त्याचा छोटा तुकडा तुम्हाला देतात. तो तुकडा फेकू नका. मग सुरक्षा तपासणी. मोबाईल, पाकीट, पट्टा, घड्याळ ट्रेमध्ये, लॅपटॉप आणि पॉवर बँक बॅगेतनं बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये. बायकांची लाईन वेगळी, पडद्याआड बाईच तपासते. मंगळसूत्र काढायला लागत नाही. हृदयाला पेसमेकर असेल तर आधीच सांगा आणि कागद दाखवा. ट्रे उचलताना मोजा, जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले का, लोकांची पाकिटं तिथंच राहतात.

मोठ्या शहरातल्या बऱ्याच विमानतळांवर आता नाव पुकारत नाहीत, पडद्यावर बघत बसायचं. मी एकदा एका मोठ्या विमानतळावर गेट 12 समोर निवांत चहा पीत बसलो होतो, गेट कधीच बदललं, मी आपला शांत. शेवटी बाजूचा माणूस उठून पळायला लागला म्हणून मीपण पळालो. चहाचे दोनशे रुपये घेतले होते ते पाण्यात. पाणी घरनं रिकामी बाटली नेऊन नळावर भरायचं, खायला भाकरी-पिठलं चालतं, चपातीचा रोल करून न्या, कुणी हसत नाही.

विमानात

कोल्हापूरला येणारी विमानं लहान असतात, कारण आपली धावपट्टी मोठ्या शहरांएवढी लांब नाही. एटीआर नावाचं पंख्याचं विमान असेल तर घाबरू नका, ते जुनं म्हणून पंखा नाही, कमी अंतराला आणि आखूड धावपट्टीला तेच परवडतं. टर्मिनलमधनं चालत विमानापाशी जायचं आणि शेपटीकडच्या दारातनं चढायचं. म्हणजे मागची सीट मिळाली की तुम्ही आधी उतरणार, पुढची सीट पैसे भरून घेणाऱ्यांची इथं जरा मजाच होते. दोन्हीकडं दोन-दोन सीट. पंख वरच्या बाजूला असल्यानं खिडकीतनं खालचं सगळं दिसतं. वरचे कप्पे मात्र बारके, चाकाची बॅग असली तर कधीकधी विमानापाशीच काढून घेतात आणि उतरल्यावर देतात, त्यातली औषधं आणि दागिने आधी काढून घ्या.

कान दडपतात. चढताना आणि विशेष उतरताना. खडीसाखर तोंडात ठेवा, आवंढे गिळा, बाळाला दूध पाजा. सर्दी जोरात असेल तर कान लईच दुखतो, डॉक्टरला विचारून निघा. ढगात शिरलं की हादरे बसतात, आपल्या गगनबावड्याच्या रस्त्यापेक्षा कमीच, पट्टा बांधून बसायचं. आणि विमान टेकलं टेकलं की उठून बॅग काढायला उभं राहू नका, दार उघडायला वेळ असतो.

मधी विमान बदलायचं असेल तर

कोल्हापूरहून दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी अशा लांबच्या ठिकाणी जाताना बहुतेक वेळा मधी हैदराबाद नाहीतर बंगळुरू येतं. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर बॅग थेट शेवटच्या गावी जाते, पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी बघते. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढलीत तर मधी बॅग उचलायची, बाहेर यायचं, परत चेक-इन करायचं, आणि पुढचं विमान चुकलं तर कोण विचारत नाही. अशा वेळी मधी चार तास तरी ठेवा. काउंटरवर बॅग टाकतानाच विचारा, "बॅग कुठंपर्यंत जाणार?", आणि टॅगवरची तीन अक्षरं बघा.

टर्मिनल पण बघा. मुंबईचं टी1 आणि टी2 वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, दिल्लीचं टी1 आणि टी3 पण. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासनं पस्तीस-चाळीस किलोमीटर, पाहुण्यांना "अर्ध्या तासात घरी येतो" असं सांगू नका.

लेट झालं, कॅन्सल झालं

पावसाळ्यात कोल्हापूरला ढग खाली आले की विमान उतरत नाही, वर घिरट्या घालून दुसरीकडं जातं. जून ते सप्टेंबर महत्त्वाचं काम असेल तर एक दिवस आधी निघा, लग्न असेल तर दोन. कमी अंतराच्या विमानाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला की नाश्ता-जेवण देणं कंपनीवर असतं, मागायला लागतं, आपणहून सगळे देत नाहीत. सहा तासांपेक्षा जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. कंपनीच्या चुकीनं ऐनवेळी कॅन्सल झालं तर प्रवासाच्या लांबीनुसार 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाईचा नियम आहे, हवामानामुळं झालं तर भरपाई मिळत नाही, पैसे परत मिळतात. ऐकलं नाही तर एअरसेवा म्हणून सरकारी अ‍ॅप आहे, त्यावर बोर्डिंग पासचा फोटो टाकून तक्रार करायची. काउंटरवर आवाज चढवून काय होत नाही, तिथल्या पोरीला वरनं कुणी काही सांगितलेलंच नसतं.

उतरल्यावर

बॅगेच्या पट्ट्यावर सगळ्यांची बॅग काळी. ओळखायला काहीतरी बांधा. मावशी आता हँडलला लुगड्याच्या काठाची पट्टी बांधते, हिरवी, जरीची. मागच्या वेळी बंगळुरूला पट्टा फिरत होता, सगळे वाकून वाकून नंबर बघत होते, मावशी लांबनंच म्हणाली, "ती बघ आली माझी", आणि टॅगचा तुकडा पुढं करून मोकळी झाली.